मागच्या खोलीचं पाणी

१

सांगलीकर एसीला जावयासारखं वागवतात. मोठ्या मानाने घरी आणतात, चांगली खोली देतात, पण त्याने फार दिवस मुक्काम करावा अशी कुणाचीच इच्छा नसते. होळी झाली की त्याच्यावरची चादर काढायची, सर्व्हिसिंगवाल्याला फोन करायचा, आणि मृगाचे ढग दिसले की पुन्हा चादर टाकून मोकळं व्हायचं.

क्षमाबाईंच्या विश्रामबागेतल्या बैठ्या घरात असा एकच एसी होता, मागच्या खोलीत. गेल्या वैशाखात त्यांचे यजमान गंगाधरपंत त्याच खोलीत गेले, आणि तेव्हापासून खोली बंद होती. बंद म्हणजे कुलूपबिलूप लावलेलं नव्हतं. क्षमाबाई तशा हळव्या बाई नव्हत्या. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला, त्यामुळे वारे, पाऊस आणि माणसं कारणाशिवाय कुठे जात नाहीत यावर त्यांचा विश्वास होता. खोलीत जायचं काम पडत नव्हतं म्हणून दार लोटलेलं राहिलं, इतकंच.

यंदा काम पडलं. पुण्याची लेक भार्गवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. दिवस चैत्रात भरत होते. दुपारी वरचा स्लॅब तापला की पुढच्या खोल्यांतली भिंतसुद्धा हाताला चटका द्यायची. अशा घरात बाळ-बाळंतिणीला ठेवायचं तर मागची खोली उघडण्यावाचून इलाज नव्हता. क्षमाबाईंनी पलंगावरची गादी उन्हात टाकली, पडदे धुतले आणि धनाजीला बोलावलं.

धनाजी तासगावकडचा. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून पेन्शनीत निघालेला, आता गावात एसी-फ्रिजचं दुकान. काम चोख होतं, पण हातापेक्षा तोंड जास्त चालायचं. राजस्थानातल्या वाळवंटात साहेबांचे एसी आपण कसे चालते ठेवले हे सांगत सांगत त्याने जाळ्या काढून धुतल्या, भिंतीला प्लास्टिक लावून आतल्या कॉइलवर पंपाने औषधाचं पाणी मारलं, बाहेरच्या मशीनचे पंख झाडले, गॅस तपासला. एसीतलं पाणी बाहेर सोडणारी नळी घरामागच्या बोळात उतरत होती. तिच्याखाली क्षमाबाईंनी नेहमीची निळी बादली ठेवली. ते पाणी कढीपत्त्याला घालायची त्यांची जुनी सवय होती.

"काकू, बादली मोठी ठिवली तुमी," धनाजी म्हणाला. "एवढी लागायची न्हाई. एसी हवा गार करतोय आसं लोक म्हंत्यात. खरं म्हंजी त्यो हवा पिळतोय, धुणं पिळल्यागत. बंद खोलीत हाय त्येवढं पानी एकदा पिळून झालं की नळी सुकती. मग पुढचं पानी यायचं कुठनं? माणसाच्या श्वासातनं. माणूस न्हाई, पानी न्हाई."

औषधाचा वास जाईपर्यंत एसी दिवस-रात्र चालू ठेवा, दार मात्र उघडू नका, असं बजावून तो गेला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षमाबाई पूजेची फुलं काढायला बोळात गेल्या, तर बादली काठोकाठ भरली होती आणि पाणी फरशीवर सांडत होतं.

त्यांनी बादली कढीपत्त्याला ओतली आणि पुन्हा नळीखाली ठेवली. मनात विशेष काही आलं नाही. खोली वर्षभर बंद होती, भिंतींनी ओल धरली असेल, ती निघत असेल. पण संध्याकाळीही बादली भरलेलीच होती. दुसऱ्या सकाळी तेच. एका खोलीत ओल मुरून मुरून किती मुरेल, असा हिशेब त्या पोळ्या लाटताना करू लागल्या, आणि तो काही जमेना.

फोन केल्यावर धनाजी आला. भरलेल्या बादलीकडे बघून त्याने आधी क्षमाबाईंवरच संशय घेतला. तुम्ही आत जाऊन बसत असाल, दार उघडं ठेवत असाल, नाहीतर फरशी पुसली असेल. त्यांनी सगळ्याला नाही म्हटल्यावर मग त्याने घरावर संशय घेतला. खोलीला लागून असलेल्या न्हाणीघराचं दार नीट लागत नव्हतं. त्याच्या चौकटीला त्याने चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. खिडकीच्या फटी बुजवल्या. भिंतीला हात लावत सगळ्या खोलीभर फिरला. भिंत कोरडी होती.

"आता बगा," तो म्हणाला. "आता ह्यातनं मुंगी बी आत जायची न्हाई."

मुंगी गेली की नाही ते कळलं नाही. बादली मात्र भरली.

३

गंगाधरपंतांच्या शेवटच्या दिवसांबद्दल क्षमाबाई फारसं बोलत नसत. बोलण्यासारखं नव्हतंच काही. माणूस थकला आणि गेला. पण त्यांचा श्वास मात्र घरातल्या सगळ्यांच्या लक्षात राहिला होता.

त्या श्वासाला एक चाल पडली होती. आधी लहान लहान श्वास यायचे, मग मोठे होत जायचे, मग पुन्हा लहान होत होत थांबायचे. आणि मग काहीच नाही. खोलीत कुणी वाचत असेल तर पान उलटायचा हात तिथेच थबकायचा. एसीची घरघर तेवढी ऐकू यायची. आता संपलं असं वाटेपर्यंत वेळ जायचा, आणि मग त्यांचा डावा खांदा किंचित उडायचा व पुन्हा लहान लहान श्वास सुरू व्हायचे. थकलेल्या हृदयाच्या माणसांचं असंच होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. घाबरण्यासारखं काही नाही.

क्षमाबाई घाबरत नसत. पण त्या थांब्यात गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. त्या छातीवर हात ठेवून हळूच म्हणायच्या, "घ्या. मी आहे इथे." मग खांदा उडायचा. त्या म्हणाल्या नसत्या तरीही श्वास आलाच असता हे त्यांना कळत होतं. फक्त न म्हणता बघण्याची हिंमत त्यांना कधी झाली नाही.

एका दुपारी त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या आणि खांदा उडाला नाही. डॉक्टर आले, छातीला तारा लावून कागद काढला, कागदावर सरळ रेघ आली. त्यात शंकेला जागा नव्हती. मुलगा निमिष जर्मनीत होता, त्याला यायला दुसरा दिवस मावळणार होता. मिरजेहून बर्फाची पेटी मागवू असं शेजारी म्हणाले. यांना पेटीत नको, असं क्षमाबाई म्हणाल्या. घरात एसी होता. त्यांनी तो सोळावर केला, दार लावून घेतलं आणि दाराखाली टॉवेल सारला.

गेलेल्या माणसापाशी कुणीतरी बसलेलं असावं, त्याला एकटं ठेवू नये, असं समोरच्या आजी दोनदा बोलून गेल्या. पण आत कुणी बसलं म्हणजे दार उघडणार, उबारा शिरणार आणि गारवा जाणार. क्षमाबाईंनी दिवा दाराबाहेर ठेवला आणि सगळे पुढच्या खोलीत बसले. निमिष येईपर्यंत आत कुणीही गेलं नाही.

४

तिसऱ्यांदा आला तेव्हा धनाजी थट्टेच्या सुरात नव्हता. हा आता त्याच्या अब्रूचा प्रश्न झाला होता. त्याने आतलं मशीन पुन्हा उघडलं, पाण्याचा ट्रे पाहिला, जुनी नळी काढून नवी घातली. खोलीत कुठे पाण्याची लाईन फुटली आहे का म्हणून न्हाणीघराची फरशी ठोकून बघितली. शेवटी कपाट सरकवून त्याच्या मागेही बघितलं.

"कोन झोपतंय काय हो काकू हितं?" तो सहज बोलून गेला. मग भिंतीवरच्या गंगाधरपंतांच्या फोटोकडे त्याची नजर गेली आणि त्याने हत्यारं गोळा करायला घेतली. जाताना म्हणाला, एवढं पाणी म्हणजे एका माणसाच्या वर आहे, एखादा आजारी माणूस जोराने श्वास घेत असावा तेवढं आहे, पण तसं काही नसतं, यंदा हवाच दमट आहे. चैत्रातल्या सांगलीची हवा दमट आहे असं म्हणणाऱ्या माणसाला क्षमाबाईंनी एरवी वर्गाबाहेर उभं केलं असतं. त्यांनी त्याला चहा दिला.

तो गेल्यावर त्या बोळात स्टूल टाकून शेंगा फोडत बसल्या. दुपार टळली होती. बादली रिकामी असल्यामुळे थेंबांचा आवाज स्पष्ट येत होता. टप, टप, टप. थेंब भराभर यायला लागले, मग त्यांची धार झाली, मग धार तुटून पुन्हा थेंब झाले, सावकाश, आणखी सावकाश. मग थांबले.

क्षमाबाईंचा शेंग फोडणारा हात थबकला. बाहेरचं मशीन घरघरत होतं. कढीपत्त्यावर एक बुलबुल येऊन बसला आणि उडाला. नळी कोरडी होती. आता संपलं असं वाटेपर्यंत वेळ गेला. मग नळीचं तोंड किंचित उडालं, आणि टप, टप, टप.

त्यांनी उठून धनाजीला फोन लावला. तो म्हणाला, साधी गोष्ट आहे, नळीला कुठेतरी पोट पडलंय, त्यात पाणी साचतं आणि भरलं की उसळून येतं. तुम्हीच जरा नळी ताणून बांधा. कारण पटण्यासारखं होतं. क्षमाबाईंनी सुतळीने नळी सरळ ताणून बांधली आणि पुन्हा स्टुलावर बसल्या.

भराभर, मग धार, मग सावकाश. मग काही नाही. त्या नळीकडे बघत राहिल्या. मग सुतळीसकट नळी जराशी हलली.

शेंगा तशाच ठेवून त्या घरात आल्या आणि रेडिओ मोठ्याने लावला.

५

माणसाला एखादी गोष्ट आठवते तेव्हा ती आधीपासून माहीत असल्यासारखी आठवते, हा त्यातला वाईट भाग. दुसऱ्या दिवशी बादली ओतताना क्षमाबाईंना आठवलं की ही बादली त्यांनी अशीच ओतली होती, गेल्या वैशाखात, निमिष यायच्या दिवशी सकाळी. घरात माणसं बसलेली होती, रडून डोळे जड झाले होते, आणि तरी हात सवयीने बोळात गेला होता. बादली भरून सांडत होती. त्यांनी ती कढीपत्त्याला घातली, परत ठेवली आणि आत येऊन बसल्या.

दार बंद होतं. टॉवेल लावलेला होता. आत कुणी नव्हतं.

त्यांनी स्वतःला नीट समजावलं. डॉक्टरांनी कागद काढला होता. सरळ रेघ स्वतः पाहिली होती. वैशाखात वळवाचे ढग येतात, हवेत पाणी असतं. धनाजीची बुद्धी ती काय, त्याने सांगितलेला नियम कशाला खरा धरायचा. हे सगळं त्यांनी कणीक मळताना एकदा आणि कुकर लावताना एकदा मनाशी म्हटलं.

मग त्यांनी निमिषला फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलून विचारलं, तू त्या दिवशी खोलीत गेलास तेव्हा पहिलं काय दिसलं तुला?

"बाबांचा चष्मा तसाच होता डोळ्यांवर," निमिष म्हणाला. "काचांवर वाफ धरली होती. मी पुसला तो. का गं?"

गार काचेवर बाहेरची गरम हवा लागली की वाफ धरते, दार उघडलंस म्हणून धरली असेल, असं क्षमाबाई म्हणाल्या. हे त्या मुलांना दरवर्षी शिकवत. निमिष म्हणाला, हो, तसंच असेल.

फोन ठेवून त्या बोळात गेल्या. खोलीच्या खिडकीची काच अर्धी धुरकट झाली होती. आत गार, बाहेर गरम, वाफ बाहेरच्या बाजूला धरणार, यातही नवल नव्हतं. त्यांनी पदराने काच पुसली. वाफ निघाली. आतला पलंग दिसला, उन्हात टाकून आणलेली गादी, उशी, वरची पांढरी चादर. सगळं जागच्या जागी. फक्त खाली, उशीच्या उंचीवर, तळहाताएवढा एक धुरकट डाग काचेवर राहिला होता. त्यांनी तो पुसला. तो पुसला जाईना. त्यांनी पदर ओला करून पुन्हा घासला, तेव्हा लक्षात आलं की तो डाग काचेच्या आतल्या बाजूला आहे.

त्या बघत असतानाच तो विरळ होत गेला आणि गेला. मग पुन्हा आला.

क्षमाबाईंनी त्याच पावली घरात जाऊन एसीचा मेन स्विच बंद केला. खोलीला वर्षात पहिल्यांदा कुलूप लागलं.

६

भार्गवी आली ती पाय सुजवून आणि पुण्याच्या उकाड्याला शिव्या देत. इथे तरी एसीत झोपायला मिळेल या आशेवर ती होती. एसीचा गॅस गळतोय, बाळंतिणीला तो वास चांगला नाही, असं आईने सांगितलं. ही थाप क्षमाबाईंनी आदल्या रात्री तयार करून ठेवली होती. त्यांनी पुढच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर आणून ठेवला, स्लॅबवर पांढरा रंग मारून घेतला, खिडक्यांना ओली पोती बांधली. आयुष्यात एका खोलीपासून कुणाला लांब ठेवायला त्यांनी एवढी खटपट केली नव्हती.

मिरजेच्या दवाखान्यात मुलगा झाला. नाक गंगाधरपंतांचं, कपाळ गंगाधरपंतांचं, आणि ते जाऊन वर्ष व्हायच्या आत जन्मलेला. मग काय विचारता. बघायला येणारी प्रत्येक बाई पाळण्यावर वाकायची आणि क्षमाबाईंचा हात दाबून म्हणायची, "आले हो परत. आजोबाच आले." क्षमाबाई हसून बर्फी पुढे करायच्या. यात त्यांना काही खुपत नव्हतं. लोक प्रेमाने म्हणतात, आणि त्यांनीही दुसऱ्यांच्या घरी जाऊन हेच म्हटलं होतं. बाळाला मांडीवर घेतलं की त्यांना बरं वाटायचं. फार दिवसांनी कुणीतरी त्यांच्या अंगावर निर्धास्त झोपत होतं.

पण ऊन वाढत गेलं. कूलरची हवा दमट, बाळाच्या गळ्यात आणि काखेत घामोळं उठलं. ते रात्रभर किरकिर करायचं आणि भार्गवी रडकुंडीला यायची. रोज मालिशला येणाऱ्या मायाबाईंनी तिची बाजू घेतली. "आवं वैनी, गॅस भरून घ्या की. लेकरू शिजतंय नुसतं. धनाजीला सांगा, उद्या यील त्यो." क्षमाबाई सांगते म्हणाल्या. सांगितलं मात्र नाही.

त्याच आठवड्यात साताऱ्याला चुलत नणंदेच्या नातवाची मुंज होती. जाणं टाळता येत नव्हतं. मायाबाईंना दिवसभर थांबायला सांगून, सकाळी लवकर निघून संध्याकाळी परत यायच्या बोलीवर क्षमाबाई गेल्या. कुलपाची किल्ली त्यांनी डब्यांच्या फळीवर, हरभऱ्याच्या डाळीत खुपसून ठेवली. पण भार्गवी याच घरात वाढली होती आणि आई वस्तू कुठे लपवते हे तिला पाचवीपासून ठाऊक होतं.

७

परत आल्या तेव्हा उन्हं उतरली होती. फाटकापाशीच त्यांना बाहेरच्या मशीनची घरघर ऐकू आली. हातातली पिशवी पायरीवर टाकून त्या घराला वळसा घालून बोळात गेल्या.

निळी बादली नळीखाली होती. बादलीत कढीपत्त्याचं एक वाळकं पान पडलेलं होतं, बाकी ती ठणठणीत कोरडी होती. नळीच्या तोंडाला थेंबसुद्धा नव्हता. त्यांनी बोट लावून बघितलं. खिडकीची काच स्वच्छ होती.

पहिल्यांदा त्यांना जे वाटलं ते सुखच होतं. त्या स्टुलावर बसल्या. म्हणजे धनाजीचंच बरोबर, काहीतरी बिघाड होता आणि तो गेला. मशीन आहे, त्यात बिघाड होतात. मग त्या हसायला लागणार एवढ्यात त्यांना नियमाची दुसरी बाजू आठवली. माणूस नाही, तर पाणी नाही. आत भार्गवी होती. बाळ होतं. मायाबाई होत्या. नळीला तर आता धार हवी होती.

त्या धावत घरात आल्या आणि त्यांनी दार ढकललं.

खोली छान गार होती. मायाबाई भिंतीला टेकून पेंगत होत्या. भार्गवी पलंगावर पालथी झोपली होती, कितीतरी दिवसांनी झोपल्यासारखी. बाळ तिच्या शेजारी, खिडकीकडच्या उशीवर होतं. गाल गुलाबी, मुठी सैल, छाती वर-खाली होत होती. क्षमाबाईंनी नाकाशी बोट धरलं. ऊन, ओलसर श्वास बोटाला लागला.

चाहूल लागून भार्गवी उठली आणि आई ओरडायच्या आत स्वतःच बोलायला लागली. धनाजी सकाळी येऊन गेला, गॅस अगदी भरलेला आहे, गळत वगैरे काही नाही, तू उगीच घाबरत होतीस. आणि बघ तरी, सकाळपासून एकदासुद्धा रडला नाही हा. आम्ही आत आलो तेव्हा त्या खिडकीकडे टक लावून बघत होता, मग शांत झोपला.

क्षमाबाईंनी बाळाला उचललं आणि पुढच्या खोलीत आणलं. भार्गवी काही तरी म्हणत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनाजी पुन्हा आला. त्याने नळी फुंकून बघितली, ती साफ होती. आत माणसं असून पाणी का येत नाही हे त्यालाही सांगता आलं नाही, पण त्याने ते फार मनावर घेतलं नाही. "पानी येत व्हतं तवा बी तक्रार, थांबलं तवा बी तक्रार," तो म्हणाला. "थांबलं न्हवं? मग झालं की, काकू. गेलं म्हना आता."

८

ते खरोखरच गेलं होतं. त्यानंतर त्या नळीतून पाणी आलं नाही. बाळ-बाळंतीण मागच्या खोलीत झोपू लागली, घामोळं बसलं, भार्गवीच्या चेहऱ्यावर तजेला आला. क्षमाबाईंनी विरोध केला नाही. आता त्या खोलीत काही उरलं नव्हतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांना ते मुंजीच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी कळलं होतं. बाळ मांडीवर झोपलं होतं. लहान लहान श्वास येत होते, मग जरा मोठे, मग पुन्हा लहान, सावकाश. आणि मग काहीच नाही. क्षमाबाईंचा थोपटणारा हात थबकला. मग बाळाचा डावा खांदा किंचित उडाला.

दवाखान्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी तपासून हसून सांगितलं, आजी, नवी बाळं असाच श्वास घेतात, मध्ये मध्ये थांबतात, थोडं मोठं झालं की आपोआप जातं. पण त्यांनी स्टेथोस्कोप लावला तेवढा वेळ बाळ सरळ श्वास घेत होतं. भार्गवीच्या मांडीवर तर थांबा लहानसा असायचा. मोठा थांबा क्षमाबाईंपाशीच यायचा, जणू कुणी वाट बघतंय.

वर्षश्राद्ध झालं. वळीव पडून गेला आणि एक दुपार जरा मोकळी मिळाली. भार्गवी आतल्या खोलीत दुपट्यांच्या घड्या घालत होती. पुढच्या आठवड्यात ती पुण्याला परत निघणार होती, आणि जागेवरूनच आईशी बोलत होती. पाळणाघर बघून ठेवलंय. गाडी सकाळचीच बरी. इकडची खोली आता तुला मोकळी होईल, तूच झोपत जा एसीत, उगीच अंगाची काहिली करून घेऊ नकोस.

बाळ क्षमाबाईंच्या मांडीवर होतं. श्वास लहान होत होत थांबला.

आज त्यांनी मनाशी ठरवलं होतं, काही बोलायचं नाही. वर्षभरापूर्वी जे करून बघायची हिंमत झाली नव्हती ते आज करून बघायचं. पुण्यात त्याच्यापाशी त्या असणार नव्हत्या, तेव्हा हे माहीत असायलाच हवं होतं. डॉक्टर म्हणतात तसं असेल तर श्वास आपोआप यायला हवा. त्या ओठ मिटून बसल्या.

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. आत भार्गवी गाडीच्या वेळा वाचून दाखवत होती. बाळाची छाती हलली नाही. मुठी सैल होत्या, त्या आणखी सैल झाल्या. क्षमाबाईंनी वाट बघितली. ओठांच्या कडा जराशा निळसर दिसल्या, का खिडकीतल्या उजेडाने तसं वाटलं, ते त्यांना कळेना. त्यांनी आणखी थोडी वाट बघितली. मग बाळाने डोळे उघडले. रडलं नाही, हललं नाही. श्वास न घेता ते त्यांच्या तोंडाकडे शांतपणे बघत राहिलं.

क्षमाबाईंनी त्याच्या छातीवर हात ठेवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "मी आहे इथे."

खांदा उडाला. लहान लहान श्वास सुरू झाले आणि बाळाने डोळे मिटले.

"आई, मी विचारतेय काय," आतून भार्गवी म्हणाली. "मंगळवारची गाडी चालेल ना?"

क्षमाबाईंचा हात बाळाच्या छातीवरच होता. श्वास मोठे होत होते आणि आता पुन्हा लहान व्हायला लागले होते.